विटा वाहणाऱ्या हातांना विटा रचू द्या

आमच्या गटाच्या बैठकीत वर्षाच्या खर्चाचा अंदाज मांडताना मी एक ओळ लिहिली होती : 'प्लास्टिकचे जोडठोकळे, चार डबे.' शिबिरांचा खर्च, एस.टी.चं भाडं, कोर्टकचेरीचे कागद या सगळ्या ओळी पाच मिनिटांत मंजूर झाल्या. या एका ओळीवर अर्धा तास गेला. एक ज्येष्ठ कार्यकर्ती म्हणाल्या, "अगं, आपल्या दारात रोज एक बाई मार खाऊन येते आणि तू खेळणी मागतेस?" दुसरी मैत्रीण म्हणाली, "हा परदेशी कंपनीचा, पैसेवाल्यांच्या पोरांचा खेळ. बायकांच्या प्रश्नाशी त्याचा काय संबंध?" शेवटी ती ओळ खोडली गेली.

मला राग आला होता, हे लपवत नाही. पण रागापेक्षा आश्चर्य जास्त वाटलं. स्वयंपाकघरात राजकारण असतं, माजघरात असतं, झोपायच्या खोलीतही असतं, हे जगाला ठणकावून सांगणाऱ्या आपण बायका. आणि मुलांच्या खेळण्यात तेवढं राजकारण नसतं, असं आपण कसं काय ठरवलं? त्या खोडलेल्या ओळीची बाजू मांडण्यासाठी हा लेख आहे.

सुरुवात खेळण्यापासून नको, खऱ्या विटेपासून करू. सांगली, मिरज, कराड, सातारा, कुठंही चालू असलेल्या बांधकामासमोर दहा मिनिटं उभ्या राहा. जत, आटपाडी, माण, खटाव अशा दुष्काळी भागांतून आलेल्या किती तरी बायका तिथं राबताना दिसतील. वाळू चाळतात, माल कालवतात, डोक्यावर पाटी घेऊन परांचीवर चढतात. आता त्या विटा कोण रचतं ते बघा. थापी, ओळंबा, सूत, पाणसळ ही सगळी हत्यारं पुरुषाच्या हातात. तो गवंडी, ती बिगारी. वीस वर्षं काम केलं तरी ती बिगारीच राहते. तिच्याबरोबर बिगारी म्हणून कामाला लागलेला पोरगा मात्र चार वर्षांत थापी धरतो आणि तिला हुकूम सोडतो, "ए, वीट आण!"

समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा १९७६ साली झाला. त्याला ठेकेदाराचं उत्तर तयार असतं : "काम समान कुठंय मॅडम? तो गवंडी हाय, ही बिगारी." म्हणजे आधी बाईला कसबाच्या कामापासून लांब ठेवायचं आणि मग कसब नाही म्हणून हजेरी कमी द्यायची. मी एका ठेकेदाराला विचारलं, बायकांना गवंडीकाम का शिकवत नाही? तो हसून म्हणाला, "बायकांना ओळंबा कळत न्हाई."

बायकांना ओळंबा कळत नाही! मग आपल्या आज्यांनी चुली कशा घातल्या? भांडं कलंडणार नाही, जाळ चारी बाजूंनी लागेल, लाकूड आत सरकेल, असं माप डोळ्यानं धरून मातीची चूल घालणं हे बांधकाम नाही? कणगी लिंपणं, भिंती सारवणं, पावसाळ्याआधी खचलेला ओटा पुन्हा नीट करणं, हे काय आहे? पुरुषानं मातीला आकार दिला की ते कसब, बाईनं दिला की ते घरकाम. पहिल्याला हजेरी, दुसऱ्याला "त्यात काय मोठंसं?" ही लिंगाधारित श्रमविभागणी आपण शिबिरांत फळ्यावर लिहून शिकवतो. पण ती सुरू कुठल्या वयात होते, तिकडे आपलं लक्ष नसतं.

जत्रेतली दुकानं आणि दिवाळीतले किल्ले

आपल्या भागातल्या कुठल्याही जत्रेत खेळण्यांच्या दुकानांसमोरून चालत जा. मुलग्याच्या हातात काय येतं? ट्रॅक्टर, ट्रक आणि सगळ्यांत आधी जेसीबी. मुलीच्या हातात? प्लास्टिकची शेगडी, कुकर, पोळपाट-लाटणं, बाहुली. मुलीनं जेसीबीकडं बोट दाखवलं, तर आई हसते आणि बाप म्हणतो, "तुला काय करायचाय जेसीबी?" या एका वाक्यात तिचा पुढच्या चाळीस वर्षांचा धंदा ठरलेला असतो.

खेळणी विकत घ्यायला पैसे नसतात तिथंही हेच. दिवाळीत आपल्याकडं घरोघर मातीचे किल्ले करतात. ही महाराष्ट्रातल्या मुलांची बांधकामाची खरी शाळा. दगड कुठं लावला की उतार धरतो, माती किती ओली हवी, बुरूज कशानं ढासळतो, पाणी कुठून काढायचं, हे सगळं मुलं चार दिवसांत कुणी न शिकवता शिकतात. पण बहुतेक घरांत किल्ला करणार भाऊ. बहीण चिखलासाठी पाणी आणते, हिरवळीसाठी अळीव पेरते आणि पुढं रांगोळी काढते. अलीकडं काही ठिकाणी मुली किल्ला करतात आणि त्यांचं कौतुकही होतं. पण कौतुक होतं याचाच अर्थ ते अजून अपवाद आहे. साताऱ्याच्या माथ्यावर अजिंक्यतारा उभा आहे. औरंगजेबाच्या फौजांशी झुंजत महाराणी ताराबाईंनी असे किल्ले राखले आणि गेलेले परत मिळवले. त्याच अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला पोरींच्या वाट्याला किल्ल्यापुढची रांगोळी यावी, याची आपल्याला लाज वाटायला हवी.

शिवाय हे दोन जिल्हे मुलींच्या बाबतीत कसे आहेत, हे मी वाचकांना नव्यानं सांगायला नको. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत ९०० च्याही खाली होती. त्याच वर्षी सातारा जिल्हा परिषदेनं 'नकुशा' नावाच्या २८० हून अधिक मुलींना नवी नावं देण्याचा कार्यक्रम केला. २०१७ च्या मार्चमध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळजवळ १९ भ्रूण पुरलेले सापडले. जी मुलगी या सगळ्यातून वाचून जन्माला आली, तिचं नावही आपण बदललं, तिला पुढं आपण काय देणार? लुटुपुटुची शेगडी?

ठोकळ्याला लिंग नसतं

आता त्या प्लास्टिकच्या विटेकडं येते. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात ओले कर्क क्रिस्टियनसन नावाच्या सुतारानं १९३२ साली लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. 'लेगो' हे नाव 'छान खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून आलं. आज आपण ओळखतो त्या विटेचं पेटंट १९५८ चं. वर गोल खुंट्या, आत पोकळ नळ्या. नळी खुंटीला घट्ट धरते, पण लहान मुलाच्या बोटांनीही सुटते. एवढीच काय ती करामत. आठ खुंट्यांच्या एकाच रंगाच्या सहा विटा घेतल्या, तर त्या ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ तऱ्हांनी जोडता येतात. सहा विटा! या गणितात विटा मुलाच्या हातात आहेत की मुलीच्या, हे कुठंच येत नाही.

गंमत अशी की कंपनीला हे ठाऊक होतं. १९७४ साली डब्यातून पालकांसाठी एक चिठ्ठी दिली गेली होती. घडवण्याची ओढ मुलगा आणि मुलगी दोघांतही सारखीच असते, कुणाला काय बांधायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या, असा तिचा मथितार्थ. पण बाजाराला शहाणपण फार दिवस परवडत नाही. २०१२ साली याच कंपनीनं मुलींसाठी वेगळी मालिका काढली. फिकट जांभळे, गुलाबी रंग, सडपातळ बाहुल्या, ब्यूटी पार्लर, कॅफे. अमेरिकेतल्या स्त्री-संघटनांनी निषेध केला, सह्या गोळा केल्या. पुढं २०२१ साली कंपनीनं सात देशांतल्या जवळपास सात हजार पालक-मुलांची पाहणी जाहीर केली आणि आपल्या खेळण्यांतला लिंगभेद काढून टाकण्याचं आश्वासन दिलं. त्या सात देशांत भारत नव्हता. आपली पाहणी आपल्यालाच करायची आहे, आणि ती करायला जत्रेत एक चक्कर पुरेशी आहे.

मी कुठल्याही कंपनीची वकिली करत नाही. खरा लेगो आपल्या वस्त्यांना परवडणारा नाही. मी बोलते आहे ते बाजारात सुट्या पिशवीत मिळणाऱ्या साध्या जोडठोकळ्यांबद्दल. खोडलेल्या ओळीनंतर मी स्वतःच्या पैशातून दोन डबे घेतले आणि बांधकाम मजुरांच्या एका वस्तीतल्या मुलांसमोर ओतले.

पहिल्या आठवड्यात जे पाहिलं त्यानं पोटात गोळा आला. मुलग्यांनी ठोकळ्यांचा ढीग ओढून घेतला. मुली कडेनं बसल्या आणि रंगांप्रमाणे ठोकळे वेगळे करून त्यांच्या हातात देऊ लागल्या. एक पाच वर्षांचा भाऊ सहा वर्षांच्या बहिणीला म्हणाला, "ए, लाल वीट आण!" आणि ती आणत होती. कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. त्यांनी आईबापाला कामावर पाहिलं होतं. मुलगी सहाव्या वर्षीच बिगारी झाली होती.

म्हणून आम्ही मुलींसाठी वेगळा तास ठेवला. मुलग्यांना त्या वेळी भातुकली दिली, आणि सांगायला आनंद वाटतो की त्यांनी ती मनापासून खेळली. पहिले दोन-तीन दिवस मुली गप्प होत्या. "ताई, काय करू?" एवढंच विचारायच्या. मी सांगायचे, "तुला हवं ते." हे उत्तर त्यांना फार जड गेलं. तुला हवं ते कर, असं त्यांना आयुष्यात कुणी म्हटलेलंच नव्हतं. मग एकीनं मनोरा केला, तो पडला. तिनं घाबरून माझ्याकडं पाहिलं. मी काहीच म्हणाले नाही. तिनं पुन्हा केला, या वेळी खाली रुंद आणि वर अरुंद. वरची वीट खालच्या दोन विटांच्या सांध्यावर बसवली की भिंत घट्ट होते, हे तिसऱ्या दिवशी तिनंच दुसरीला दाखवलं. गवंडीकामाचा पहिला धडा हाच आहे. ठेकेदाराच्या मते बायकांना जो कळत नाही, तो.

महिन्याभरानं एका आठ वर्षांच्या मुलीनं घर केलं. त्याला पुढं दार होतं, मागंही दार होतं. मागचं दार तिनं मोठं ठेवलं होतं. मी विचारलं, "इथं दार कशाला गं?" ती सहज म्हणाली, "बाबा पुढनं आलं की आईला मागनं जायाला." मैत्रिणींनो, आपल्याकडं रोज एक बाई मार खाऊन येते, हे खरंच आहे. तिची मुलगी ते घर बघत असते, आणि तिच्या हातात विटा दिल्या तर ते घर बदलून बांधते. आपण चर्चेत, अर्जात, केसपेपरात जे मागतो तेच तिनं तीस ठोकळ्यांत मांडलं होतं. आता सांगा, संबंध काय?

घर तिच्या नावावर, आराखडा कुणाचा?

दुसरा अनुभव मोठ्या बायकांचा. प्रधानमंत्री आवास योजनेचं ग्रामीण घरकुल पत्नीच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर करावं, अशी तरतूद आहे. स्त्री-संघटनांनी घरावर बाईचं नाव लागावं म्हणून किती वर्षं घसा कोरडा केला ते आपण जाणतो. पण नाव लागलं म्हणून घर तिचं झालं का? २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २७० चौरस फूट जागा. त्यात मोरी कुठं, चूल कुठं, खिडकी कुठल्या अंगाला, हे ठरवतो नवरा, दीर आणि गवंडी. ती त्यांना चहा देते.

एका बचतगटाच्या बैठकीत मी ते ठोकळे घेऊन गेले. आधी हशा पिकला. "आमी काय पोरं हाय व्हय?" मग जमिनीवर खडूनं जागेची चौकट आखली आणि म्हटलं, तुमचं घरकुल मांडा. दोन तास कुणी उठलं नाही. एकीनं दार रस्त्याकडून काढून बोळाकडं फिरवलं, कारण रस्त्यावरून सगळं घर दिसतं. दुसरीनं मोरीला आतून वाट केली, म्हणजे अंघोळीला अंगणातून जायला नको. तिसरीनं चुलीवर खिडकी ठेवली आणि म्हणाली, "धुरानं डोळं गेलं माझं." एका विधवा बाईनं मधेच एक आडवी भिंत घातली. एवढ्याशा घरात भिंत कशाला, असं बाकीच्यांनी विचारल्यावर ती म्हणाली, "मला कडी लागंल अशी एक जागा पायजे." थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग दुसरीनंही आपल्या घरात भिंत घातली.

कागदावरचा नकाशा या बायकांना वाचता येत नव्हता. पण हातात धरता येणारी, काढून परत लावता येणारी वीट त्यांना वाचता आली. त्या दिवशी त्यांनी मांडलेल्या घरांपैकी दोन घरं पुढं बरीचशी तशीच बांधली गेली. बाकीच्या ठिकाणी नवऱ्याचं चाललं. लढाई एका दुपारी जिंकली जात नाही, हे मला माहीत आहे. पण "काय पायजे" हे आधी ठाऊक असावं लागतं, तेव्हाच मागता येतं.

आक्षेपांना उत्तर

प्लास्टिक कशाला, हा आक्षेप मला मान्य आहे. प्लास्टिकखेरीज होत असेल तर उत्तमच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शिंपले, बिया, खडे, पानं अशा आसपासच्या वस्तूंतून बालशिक्षण उभं केलं. सुताराकडचे लाकडाचे तुकडे, मातीच्या छोट्या विटा, काड्यापेट्या, काहीही चालेल. ठोकळ्याचा एक गुण मात्र विसरू नका : तो सुटतो. चुकलं तर मोडता येतं, काही वाया जात नाही, कुणी ओरडत नाही. मुलीच्या आयुष्यात चुकायची मुभा कुठं असते? भाकरी करपली तरी बोलणी, पाणी सांडलं तरी बोलणी. एकदा केलेलं मोडून पुन्हा करायचा हक्क तिला पहिल्यांदा इथं मिळतो. माझ्या लेखी हा हक्क किरकोळ नाही.

दुसरा आक्षेप : याने काय सगळ्या मुली इंजिनिअर होणार आहेत? नाही. पण ज्या आजही विटा वाहणार आहेत, त्यांनी त्या रचायलाही शिकावं, एवढं तरी होईल. आणि हे स्वप्न नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांत बायका संवाद सहायक म्हणून उभ्या राहिल्या. घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण त्यांनी समजून घेतलं, गावाला समजावलं. झारखंडमध्ये संडास बांधण्याच्या मोहिमेत बायकांनी थापी हाती घेतली आणि त्यांना 'रानी मिस्त्री' असं नाव पडलं. ओळंबा त्यांना कळला. आपल्या सांगली-साताऱ्यातल्या बायकांचं डोकं काय वेगळ्या मातीचं आहे?

तिसरा आक्षेप सगळ्यांत नाजूक, कारण तो आपल्यातूनच येतो : हे सगळं गौण आहे, आधी हिंसेचं बघू. मी उलटं म्हणते. आपण बाईला सांगतो, घर सोड, पोटगी माग, पायावर उभी राहा. ती विचारते, "कशावर उभी राहू?" तेव्हा आपण शिवणयंत्र देतो, पापड-लोणची शिकवतो. म्हणजे भातुकलीच मोठी करून पुन्हा तिच्या हातात देतो. गवंड्याची हजेरी आणि पापडाची कमाई यांची तुलना एकदा वहीत मांडून पाहा.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं. आपल्या भागातल्या अंगणवाड्यांत जा आणि ठोकळे कपाटात कुलपाबंद आहेत की मुलांच्या हातात, ते पाहा. मुलांच्या हातात असतील, तर कुणाच्या, ते पाहा. सेविकाताईंशी भांडू नका. तुटपुंज्या मानधनात त्या अर्ध्या गावाची कामं करतात आणि ठोकळा हरवला तर जाब त्यांनाच द्यावा लागतो. त्यांच्याशी बोला, मुलींची पाळी लावून घ्या. येत्या दिवाळीत आपापल्या गल्लीत मुलींचा एक तरी किल्ला होऊ द्या, आणि रांगोळी मुलग्यांना काढू द्या. घरकुल मंजूर झालेल्या बायकांसोबत पाया खणण्याआधी एकदा ठोकळ्यांनी घर मांडा. आणि बांधकाम मजूर बायकांसाठी गवंडीकामाच्या प्रशिक्षणाची मागणी आपल्या मागण्यांच्या यादीत वर घ्या.

ज्या सावित्रीबाईंचं नाव आपण प्रत्येक सभेत घेतो, त्या याच सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. मुलीच्या हातात पाटी-पेन्सिल दिली म्हणून त्यांना शेण-दगड झेलावे लागले. मुलीच्या हातात वीट द्यायला आपल्याला कुणी दगड मारणार नाही. फार तर हसतील.

पुढच्या बैठकीत ती ओळ मी पुन्हा लिहिणार आहे. चार नाही, आठ डबे.